मॅनेजर क्रमांक सात

१

विभागप्रमुखांनी सकाळी सकाळी मला बोलावलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ते मला बोलावत नाहीत, टाळतात. मी तत्त्वज्ञान शिकवते. व्यवस्थापन शाखेशी माझा संबंध एवढाच, की त्यांच्या संशोधनाच्या आचारसमितीवर मी आहे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे अर्ज परत पाठवते. ज्याची मुलाखत घेणार त्याची लेखी संमती कुठेय, त्याचं नाव गुप्त कसं ठेवणार, हे मी इतक्यांदा विचारते की पाठीमागे सगळे मला संमतीबाई म्हणतात. समोर मॅडम म्हणतात. मला दोन्ही चालतं.

खोलीत आणखी एकजण होती. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेली. तिचा प्रबंध मला आठवत होता, कारण तो चांगला होता. मुख्यालय एका देशात आणि शाखा दहा देशांत, अशा कंपनीतले मॅनेजर वरच्यांना वाईट बातमी कशी कळवतात, किंवा का कळवत नाहीत, हा तिचा विषय. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे आठ मॅनेजर वार्षिक बैठकीला इथे आले होते. त्या दोन दिवसांत तिने आठही जणांना बोलतं केलं. तुमचं नाव कुठेही येणार नाही, असा तिने त्यांना शब्द दिला होता. प्रबंधात ते नुसते मॅनेजर क्रमांक एक ते आठ होते. कुठला क्रमांक कोणाचा याची एकच यादी होती, आणि ती सीलबंद पाकिटात माझ्या कपाटात होती.

विभागप्रमुखांच्या हातात एक पत्र होतं. त्यांनी चष्मा चढवला आणि विद्यार्थिनीला म्हणाले, "तुमचा क्रमांक सात कोण, हे कंपनीला कळलंय. त्याला घरी बसवलंय."

मुलीच्या तोंडावरचा रंगच उडाला. पत्र त्या काढून टाकलेल्या माणसाचंच होतं. तो कंपनीच्या बंदरावरच्या शाखेचा प्रमुख. विभागप्रमुखांनी हे वाचलं आणि मुलीने एकदम मान वर केली. घाबरलेला चेहरा गोंधळलेला झाला. "पण ते..." एवढंच ती म्हणाली आणि तिने ओठ मिटून घेतले. त्यानंतर विभागप्रमुखांनी किती खोदून विचारलं, दटावलं, समजावलं, पण ती एका शब्दाने बोलली नाही.

पत्रात त्या माणसाने लिहिलं होतं की ते वाक्य आपण बोललोच नाही. पण कंपनी म्हणते, माहिती पक्की आहे, संशोधन करणाऱ्या बाईंच्या अगदी जवळच्या माणसाकडून आली आहे. तुमच्या शब्दावर मी बोललो, आता माझ्या मुलांना काय सांगू, असं शेवटी विचारलं होतं.

कंपनीचा अधिकारी दुपारी येणार होता. त्याला यादी बघायची होती. यादी दाखवली नाही, तर आपली माहिती खरी धरून तो त्या माणसाला कायमचं काढणार होता. आणि आपल्या बाजूने कोणी तोंड उघडलं हे कळेपर्यंत उद्या जमा व्हायचा प्रबंध स्वीकारला जाणार नव्हता.

"पाकीट फोडा," विभागप्रमुख मला म्हणाले. "एका मिनिटाचं काम आहे."

मी म्हटलं, दुपारपर्यंत थांबा.

२

क्रमांक सातचं ते वाक्य मी आधी काढून वाचलं. "पहिल्यांदा वाईट बातमी कळवली, तेव्हा भर बैठकीत माझी शोभा झाली. त्या दिवसापासून वर फक्त चांगलंच पाठवायचं ठरवलं. गेल्या वर्षी एवढं नुकसान झालं, तेव्हाही वर 'सर्व ठीक' एवढंच गेलं." असं वाक्य माणूस एकदाच बोलतो, तेही समोरच्यावर विश्वास बसला तर.

यादी कोणाकडून फुटली, हा प्रश्न मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. सील जसंच्या तसं होतं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समधून हलत नाही. मला वेगळा प्रश्न पडला होता. हे वाक्य कंपनीत पोहोचलंच कसं? प्रबंध तर अजून विद्यापीठाबाहेर गेलाही नव्हता.

तिच्या मार्गदर्शकांना गाठायचं म्हणजे घाई करावी लागते. महिन्यातले निम्मे दिवस ते कुठल्यातरी परिषदेला गेलेले असतात, म्हणून मुलं त्यांना विमानसर म्हणतात. आजही त्यांच्या खोलीत उघडी सुटकेस होती. मला बघून त्यांनी शर्टांवर टॉवेल टाकला, का ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्यावर संशय घ्यायला जागा होती. त्याच कंपनीच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणवर्ग ते घेतात आणि पुढच्या वर्षीही घ्यायची त्यांची इच्छा आहे.

त्यांनी काही लपवलं नाही. कंपनीने विद्यार्थिनीला आत येऊ दिलं, त्याबदल्यात निष्कर्षांचा सारांश कंपनीला द्यायचा, असं आधीच ठरलं होतं. ही पद्धतच आहे, ते म्हणाले. महिन्यापूर्वी सारांश गेला, तोही त्यांच्याच सांगण्यावरून. त्यात मॅनेजरांची वाक्यं होती आणि वाक्यांखाली क्रमांक.

"पण क्रमांकच ना," ते म्हणाले. "क्रमांकावरून कोणाला काय कळणार? मलाच माहीत नाही कोण कुठला. मुलाखती झाल्या तेव्हा मी इथे नव्हतो. त्यातल्या एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही."

ते खरं होतं. त्या आठवड्यात ते दुसऱ्या खंडात भाषण देत होते, त्याचे फोटो विभागाच्या फळ्यावर अजून लागलेले आहेत. मी विचारलं, सारांश कंपनीत कोणाच्या हाती गेला? कर्मचारी विभागात, ते म्हणाले. तिथल्या माणसानेच मुलाखती जमवून दिल्या होत्या. भला माणूस. आणि सुटकेसची चेन ओढता ओढता त्यांनी सहज सांगून टाकलं, "तिचा सख्खा भाऊच आहे तो."

३

भावाकडे जाण्याआधी मी विद्यार्थिनीच्या मैत्रिणीला भेटले. ही त्याच वर्गातली, विद्यार्थिनीच्या शेजारच्या खोलीत राहणारी. मुलाखतींच्या वेळी रेकॉर्डर सांभाळायला ती बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि नंतर निम्म्या मुलाखती तिनेच ऐकून टाइप केल्या. गुप्ततेच्या कागदावर तिची सही मीच घेतली होती.

वाचनालयाच्या मागच्या टेबलावर ती बसली होती. समोर तिचा स्वतःचा प्रबंध, अर्धवट. मध्यंतरी तिने विद्यार्थिनीला विचारलं होतं की तुझ्या मुलाखतींतल्या दोन मला वापरू देशील का. उत्तर साफ नाही असं आलं. तेव्हापासून दोघींचं चहाला एकत्र जाणं बंद झालं होतं. हे तिने स्वतःच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज चढला. तिच्यावर संशय येणार हे तिला कळत होतं.

"मला राग आहे तिचा," ती म्हणाली. "पण कोणाच्या पोटावर पाय देण्याइतका नाही."

मी क्रमांकांबद्दल विचारलं. ते कसे दिले?

जसे जसे आत आले तसे, ती म्हणाली. पहिला आला तो एक, मग दोन. रेकॉर्डरमध्ये फायली त्याच क्रमाने पडत गेल्या, तेच आकडे पुढे राहिले. तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला तिथल्या तिथे विमानसरांच्या सुटकेसवर जाऊन बसावंसं वाटलं. आठ माणसं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने आकडे, आणि सारांश कोणाकडे? ज्याने तो क्रम लावला त्याच्याकडे. कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवण्यातला प्रकार.

"क्रम ठरलेला होता, तसेच आले का सगळे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी हो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शेवटचे दोघं उरले होते, तेव्हा जरा इकडचं तिकडे झालं. एकांना ऐन वेळी घरून फोन आला, तर त्यांच्याऐवजी आधी—"

"थांबा," मी म्हटलं. "नाव घेऊ नका. मला नाव नकोय."

माझा आवाज वाचनालयाच्या मानाने मोठा झाला असावा, कारण दोन डोकी वळली. मी तिला एवढंच विचारलं की हा बदल आणखी कोणाला माहीत होता. ती म्हणाली, आम्हा दोघींना आणि त्या दोन मॅनेजरांना. त्यांना तरी आपला क्रमांक कुठे माहीत होता?

मी उठले. दुपारनंतर आत गेले ते सातवे आणि आठवे. अदलाबदल नेमकी सातच्या जागी झाली होती.

४

भाऊ अधिकाऱ्याबरोबरच येणार होता, पण तो आधीच येऊन पोहोचला होता. विभागाच्या बाहेर खुर्च्यांची रांग आहे, तिथे बसला होता. बहीण अजून आतच होती, आणि त्याने तिच्यासाठी केळी आणि बिस्किटांचा पुडा आणला होता. सकाळपासून काही खाल्लं नसेल, म्हणाला. मला तो आवडला. संशयिताने आवडू नये, पण माझा इलाज नव्हता.

तोच बोलू लागला. वडील लवकर गेले. बहिणीचा शाळेचा पहिला दिवस, पहिली नोकरी, नोकरी सोडून पुन्हा शिकायचा हट्ट, सगळं त्याने बघितलेलं, निम्मं त्यानेच निभावलेलं. घरी तिला अजून छोटी म्हणतात. मुलाखतींची परवानगी मिळवायला त्याने वरच्यांच्या किती मिनतवाऱ्या केल्या, हे तो रंगवून सांगत होता.

"आठही जणांचा क्रम मीच लावला. एकेकाला हाताला धरून दारापर्यंत सोडलं, म्हटलं तरी चालेल. लग्नातल्या पंगतीसारखं."

"दोन्ही दिवस?"

"दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तर मी नव्हतोच. मुख्यालयाचे पाहुणे यायचे होते, विमानतळावर गेलो होतो. हवं तर ड्रायव्हरला विचारा. त्यामुळे तेव्हा कोण काय बोललं, मला काहीच माहीत नाही, मॅडम."

हे तो स्वतःला सोडवायला बोलला, आणि त्यातच अडकला. मी त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसले आणि मनातल्या मनात हिशेब जुळवला.

मुलगी दचकली होती. क्रमांक सात सापडला म्हटल्यावर घाबरली, पण कोण सापडला हे ऐकल्यावर चकित झाली. जिचं गुपित फुटलं ती नाव ऐकून घाबरते, चकित होत नाही. म्हणजे नाव चुकीचं होतं. बंदरावरचा माणूस खरंच लिहीत होता, तो ते वाक्य बोललाच नव्हता. आता चुकीचं नाव कोण देईल? ज्याने यादी बघितली तो नाही, मुलगी नाही. मैत्रिणीला खरा क्रम माहीत होता, तिने तोंड उघडलं असतं तर बरोबर नाव आलं असतं. विमानसरांना कुठलाच क्रम माहीत नव्हता, त्यांना चुकीचं नावही देता आलं नसतं. ठरलेला क्रम पाठ असलेला आणि झालेला बदल माहीत नसलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या शेजारी केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

कोडं सुटलं होतं, पण ते कोणाला सांगायची सोय नव्हती. हे मी अधिकाऱ्यासमोर सिद्ध करायचं तर अदलाबदल सांगावी लागणार. अदलाबदल सांगितली की सातव्याच्या जागी कोण गेलं हे शेंबडं पोरही सांगेल. एका निरपराध माणसाला वाचवायला दुसऱ्याला सुळावर द्यायचं, आणि तेही माझ्या हाताने.

५

मुलीला मी माझ्या खोलीत आणलं आणि दार लावलं. खोलीत पुस्तकांमुळे एकच खुर्ची रिकामी असते, ती तिला दिली. मी तिला म्हटलं, मी बोलते, तुम्ही होही म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. मग माझा सगळा तर्क सांगितला. ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती.

भावाचं नाव आलं तेव्हा रुमाल थांबला.

"मला सकाळीच कळलं," ती म्हणाली. "त्यांचं नाव ऐकल्याबरोबर. दादाच्या क्रमात सातवे तेच होते."

"म्हणून गप्प बसलात? दादासाठी?"

तिने नकारार्थी मान हलवली. "दादाशी मी घरी भांडेन. मॅडम, मी नुसतं 'हे ते नव्हेत' म्हटलं असतं ना, तरी दादाने पुढचं ओळखलं असतं. तो हुशार आहे. मग खरा माणूस गेला असता. त्या माणसाने माझ्यासमोर डोळे पुसले होते. कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं."

"आणि बंदरावरचे?"

तेव्हा ती रडली. त्यांचं काय करायचं तेच कळत नाही, एवढं तिला कसंबसं म्हणता आलं. प्रबंध गेला तर गेला, पण ते घरी बसलेत माझ्यामुळे. बोलले तर एक मरतो, नाही बोलले तर दुसरा. मी तत्त्वज्ञान शिकवते, असे पेच मी वर्गात दरवर्षी मांडते, पोरं वाद घालतात आणि तास संपला की डबा खायला जातात. समोर रडणारी मुलगी असली की त्यातलं काही उपयोगी पडत नाही. मी तिला पाणी दिलं.

एकच वाट होती. नाव ज्याने दिलं त्यानेच ते मागे घ्यायला हवं होतं, कारण न सांगता.

६

अधिकाऱ्याची गाडी फाटकातून आत येताना मला खिडकीतून दिसली. मी बाहेर धावले आणि भावाला कोपऱ्यात, झेरॉक्स यंत्रापाशी घेतलं.

मी त्याला म्हटलं, नाव तुम्ही दिलंत. त्याने नाही म्हटलं नाही. सगळी हवा निघून गेल्यासारखा तो भिंतीला टेकला. मुख्यालयातून फोन आला होता, त्याने सांगितलं. सारांश त्यांच्या हातात, सातवा कोण ते सांग म्हणाले. मला माहीत नाही म्हणायचं होतं. "पण आमच्याकडे वरून विचारल्यावर माहीत नाही म्हणायची सोयच नाही, मॅडम. तोंडातून नाव निघून गेलं. कशावरून विचारलं, तर म्हटलं, बहिणीकडून कळलं. म्हणजे खरं वाटेल."

"तिने सांगितलं नव्हतं."

"नाही. ती मला काहीच सांगायची नाही. जेवताना विचारलं तरी विषय बदलायची."

"मग आत जाऊन हेच सांगा. अंदाजाने बोललो म्हणा."

तो घाम पुसत होता. नोकरी जाईल, म्हणाला. मग काहीतरी सुचल्यासारखं त्याने विचारलं, "पण अंदाज का म्हणू? क्रम तर माझाच होता. नाव बरोबरच असेल ना?"

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, काहीही, असेल बाबा, असं तरी. पण मला खोटं बोलायची सवय नाही आणि त्या क्षणी तिचीच गरज होती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर माझ्यावरून सुटली आणि कुठेतरी लांब गेली. अंगठ्याने तो बोटांची पेरं मोजू लागला, एक, दोन, तीन. पुढच्या पेरांवर गेला आणि थांबला.

"जेवणानंतर," तो हळूच म्हणाला. "मी नव्हतो तेव्हा."

मागून अधिकाऱ्याच्या बुटांचा आवाज आला. भावाने केळ्यांची पिशवी यंत्रावर ठेवली, शर्ट नीट केला आणि साहेबांना दार उघडायला पुढे झाला. आता त्याच्याकडे खरं नाव होतं. ते दिलं की चूक सुधारली जाणार होती, त्याची नोकरी राहणार होती, बंदरावरचा माणूस सुटणार होता. आणि ते नाव त्याला माझ्या गप्प बसण्याने मिळालं होतं.

७

बैठक विभागप्रमुखांच्याच खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी आणि त्याच्या थोडा मागे भाऊ. दुसऱ्या बाजूला विभागप्रमुख, मी आणि मुलगी. अधिकारी सभ्य होता. त्याने आवाज चढवला नाही, चहाही घेतला. तो म्हणाला, आमच्याकडे एक नाव आहे, तो माणूस नाकारतो आहे. यादी दाखवा, खरं असेल तर खरं, नाहीतर त्याला परत घेऊ. न्यायाचीच गोष्ट आहे.

विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून आणलेलं पाकीट पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. सगळ्यांच्या नजरा त्यावर गेल्या, फक्त भाऊ बहिणीकडे बघत होता.

मी म्हटलं की समितीच्या नियमात एक कलम आहे. गुप्ततेला धोका दिसला, तर यादी समितीने स्वतः नष्ट करावी. ते कलम मीच घातलं होतं आणि तेव्हा सगळे हसले होते. विभागप्रमुखांना काय होतंय ते कळेपर्यंत मी उठले, कोपऱ्यातल्या कागद कातरायच्या यंत्रात पाकीट सीलसकट घातलं आणि बटण दाबलं. यंत्राला लाखेचं सील झेपेना. ते दोनदा अडलं, कुरकुरलं आणि मग एकदाचं सगळं गिळून बसलं.

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग मला आधीच्या माहितीवरच जावं लागेल." आणि तो खुर्चीत मागे वळला. "तुम्ही दिलेलं नाव. काही सांगायचंय?"

भाऊ उभा राहिला. त्याला उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं. मुलीने डोळे मिटून घेतले होते.

"सांगायचंय, सर," तो म्हणाला. "ते नाव चुकीचं आहे."

"मग बरोबर कोणतं?"

हाच तो प्रश्न होता. भावाने घसा खाकरला.

"मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. बहिणीने मला कधीच काही सांगितलं नाही, ते मी खोटं बोललो."

"पण मग त्यांचंच नाव का? आठ होते."

"राग होता, सर. एकदा त्यांनी भर बैठकीत माझा पाणउतारा केला होता. तुम्ही नाव मागितलंत, मला त्यांचंच सुचलं. दुसरं काही नाही."

वरच्यांना वाईट बातमी कशी सांगतात, याचं तिच्या प्रबंधात नसलेलं नववं उदाहरण माझ्यासमोर उभं होतं. मग अधिकाऱ्याने फोन काढला आणि आमच्यासमोरच बंदरावरच्या शाखेला लावला. साहेबांना उद्यापासून यायला सांगा, म्हणाला. भावाला म्हणाला, "तुम्ही ओळखपत्र इथेच ठेवून जा."

भावाने गळ्यातली पट्टी काढली. ती कॉलरमध्ये अडकली, बहिणीने उठून सोडवून दिली.

८

संध्याकाळी ती प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन माझ्याकडे आली. समितीची सही लागते. क्रमांक सगळे बदलले होते, मॅनेजरांना आता झाडांची नावं होती आणि ती चिठ्ठ्या टाकून दिलेली होती. मी एकेक पान बघत होते. ती केळं खात होती. भावाने ठेवलेली पिशवी मीच झेरॉक्स यंत्रावरून आणून ठेवली होती.

मी विचारलं की बंदरावरचे साहेब तुमच्या दादाला नेमकं काय बोलले होते.

"काहीच नाही," ती म्हणाली. "ते कोणालाच कधी मोठ्याने बोलत नाहीत. दादाचं लग्न जमलं तेव्हा सगळ्यात आधी पेढे त्यांना नेले होते त्याने."

मग ती खायची थांबली. रागाचं कारण दिलं नसतं, तर त्याला क्रमाबद्दल सांगावं लागलं असतं आणि क्रमावरून खरा माणूस सापडला असता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. माझ्या ते आधीच लक्षात आलं होतं. तिचे डोळे भरले, माझेही भरले, आणि मला चष्मा पुसायला रुमाल सापडेना.

ऋणनिर्देशाच्या पानावर मी थांबले. पहिल्याच ओळीत दादाचं पूर्ण नाव होतं. मी लाल पेन उचलला. तिने माझा हात बघितला आणि तिची मान ताठ झाली.

"मॅडम, मुलाखती त्यानेच मिळवून दिल्या. ते नाव राहू द्या."

मी तिला म्हटलं, शिक्षा म्हणून काढत नाहीये. त्याच्या नावावरून कंपनी कळते, आणि कंपनी कळली की आठही जण उघडे पडतात. नियम म्हणजे नियम.

तिने माझ्या हातातून पेन घेतला. नाव स्वतःच खोडलं आणि त्याच्या वर बारीक अक्षरात एक शब्द लिहिला: 'भावास'. मग पान माझ्यापुढे सरकवून विचारलं, "एवढं चालेल?"

मी सही केली.